एक गोष्ट, एकच जागा

माझा उजवा पाय बसल्या जागी हलतो. लहानपणापासून हलतो. बायकोने लग्नानंतरचे काही महिने हे सहन केलं. मग एक दिवस जेवताना टेबलावरचं पाणी हिंदकळायला लागलं, तेव्हा तिने टेबलाखाली माझ्या पायावर स्वतःचा पाय दाबून ठेवला आणि शांतपणे जेवण संपवलं. आता ती रोजच तसं करते, आणि मी थोड्या वेळाने पाय काढून घेतो. हे सांगायचं कारण एवढंच, की ज्याचा पाय असा हलतो त्या माणसाला दिवसातून तीन-चार वेळा त्रेचाळीस मिनिटं नुसतं बसवून ठेवलं, की तो काहीतरी उद्योग काढणारच. पुढचा सगळा घोळ त्या त्रेचाळीस मिनिटांनी घातला, मी फक्त निमित्त झालो.

आमची कंपनी बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावणारं सॉफ्टवेअर बनवते. कोणता ड्रायव्हर कोणत्या बसवर, किती वाजता, त्याची रजा कधी, दोन ड्यूट्यांमध्ये त्याला विश्रांती मिळाली का, हे सगळं त्यात ठरतं. एकोणीस वर्षं आम्ही लोकांनी त्यात भर घातली होती आणि काढलं काहीच नव्हतं. लिहिलेलं सगळं एकत्र गोळा करून, तपासून, त्याचा वापरायला तयार माल बनवणारं एक हत्यार असतं. त्या कामाला आम्ही बिल्ड म्हणतो. आमचं बिल्ड त्रेचाळीस मिनिटं चालायचं. एक स्वल्पविराम बदला, त्रेचाळीस मिनिटं. तो चुकीचा बदलला असेल तर आणखी त्रेचाळीस. तेवढ्या वेळात लोक चहा पिऊन येत, नखं कापत. एका सहकाऱ्याने तर या फावल्या वेळात परदेशी भाषेची परीक्षा दिली आणि तो पास झाला.

मी मात्र खोलीत येरझाऱ्या घालायचो आणि पेनांची टोपणं चावायचो. अशाच एका टोपणाच्या भरात मी मीटिंगमध्ये बोलून गेलो, की या एका गाठोड्याचे व्यवस्थित तुकडे करायला हवेत, म्हणजे ज्याला हात लावला तेवढाच तुकडा पुन्हा बनेल. साहेबांनी विचारलं, हे कोण करणार. बारा माणसांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं, की माझ्या लग्नातसुद्धा कोणी तसं पाहिलं नव्हतं.

साहेबांनी सहा आठवडे दिले. सहाव्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांसमोर बिल्ड चालवून दाखवायचं. जमलं नाही तर हे काम काचेच्या खोलीत नुकत्याच येऊन बसलेल्या सल्लागाराकडे जाईल आणि मी कागदपत्र विभागात. कागदपत्र विभाग म्हणजे तळघरातली एक खोली. तिथे बसून दुसऱ्यांनी केलेल्या कामाची माहितीपुस्तकं लिहायची असतात. तिथे गेलेला माणूस परत वर आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. साहेब हे सगळं अगदी मऊ आवाजात बोलले, त्यामुळे माझा पाय जास्तच जोरात हलायला लागला.

त्याच शुक्रवारी आमच्या बाईही निवृत्त होणार होत्या. बाई म्हणजे ज्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी या सॉफ्टवेअरची पहिली ओळ लिहिली त्या. त्या कमी बोलत आणि सगळं एका जाड रजिस्टरमध्ये बारीक अक्षरात टिपून ठेवत. मी माझा बेत सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "तोडा. पण 'तात्पुरतं२' नावाचं एक आहे, त्याला हात लावू नका."

मी हो म्हणालो. आपण वडीलधाऱ्यांना म्हणतो तसं.

तर योजना अशी होती. एक मूळ प्रकल्प आणि त्याच्या पोटात अकरा मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे तुकडा, पण तुकडा म्हटलं की साहेब मंजुरी देत नाहीत. नियम सगळे मूळ प्रकल्पात एकदाच लिहायचे, ते अकराही मुलांनी आपोआप पाळायचे. मी हा वंशवृक्ष जुन्या वेळापत्रकाच्या पाठीमागे काढून घरी फ्रिजवर लावला. बायको एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते, तिला रेघा-बाणांची सवय आहे. तिने तो नीट पाहिला आणि विचारलं, की बापाने सगळं ठरवायचं आणि अकरा मुलांनी निमूटपणे ऐकायचं, असं घर मी नेमकं कुठे पाहिलं. मी म्हणालो, हे संगणकात चालतं. ती म्हणाली, मग ठीक आहे.

समोरच्या दारात राहणारे काका एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. ते साखर मागायला आले ते फ्रिजपाशीच थांबले. त्यांचं म्हणणं, ही अगदी त्यांच्या भांडाराची मांडणी आहे, फक्त मी प्रत्येक कप्प्याला क्रमांक दिलेला नाही. ते जाऊन लेबलांची गुंडाळी घेऊन आले. काकांचा आवाज ऐकून तिसऱ्या दारातल्या दातांच्या डॉक्टरही आल्या आणि त्यांनी सांगितलं, की अकरा म्हणजे फारच झाले, दाताचं मूळ एक असलं तरी ते किडलं की वरचं सगळं काढावं लागतं. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. साखर तशीच राहिली.

ऑफिसात मॉड्यूलला नाव देण्यासाठी नामकरण समितीचा अर्ज भरावा लागतो. समितीत तीन माणसं असतात आणि ती फक्त मंगळवारी भेटतात. अर्जात एक रकाना होता, 'पालकाचं नाव'. अकरा मुलांसाठी मी तिथे मूळ प्रकल्पाचं नाव लिहिलं. मूळ प्रकल्पाच्या अर्जात तिथे काहीच लिहिलं नाही, कारण त्याला पालक नाही. अर्ज परत आला, 'रकाना रिकामा सोडू नये'. मी 'नाही' असं लिहिलं. अर्ज परत आला, 'नाही नावाचं मॉड्यूल नोंदीत आढळत नाही'. वैतागून मी त्याचंच नाव पालक म्हणून लिहिलं. ते मात्र मंजूर झालं. म्हणजे आमच्या दप्तरात तो प्रकल्प स्वतःचाच बाप आहे, आणि त्यावर तिघांच्या सह्या आहेत. यात तीन आठवडे गेले.

मग आला 'कॉमन'. सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी ठेवायला मी एक सामायिक मॉड्यूल केलं होतं. चार दिवसांत लोकांनी त्यात, कुठे ठेवावं हे न कळलेलं सगळं आणून टाकलं. आकडा अक्षरात लिहिण्याच्या तीन पद्धती आल्या, तारीख मोजण्याच्या चार आल्या, आणि कोणीतरी कँटीनच्या खुर्च्यांची यादी ठेवून गेलं. दहा मॉड्यूल पोकळ आणि कॉमन फुगलेलं. माझं डोकंच फिरलं. मी एका मोठ्या कागदावर लिहिलं, 'एक गोष्ट, एकच जागा. दुसरी प्रत ठेवायची नाही', तो भिंतीवर चिकटवला आणि हातात जणू खराटा घेऊन निघालो. एकाच कामाच्या दोन वस्तू दिसल्या की एक काढून टाकायची. कॉमन रिकामं झालं. त्या झपाट्यात मला 'तात्पुरतं२' सापडलं. उघडून पाहिलं तर आत चाळीस-एक ओळींची दिवसांची यादी होती, कोणता दिवस कामाचा, कोणता सुट्टीचा. तशीच यादी 'कॅलेंडर' मॉड्यूलमध्येही होती. प्रत म्हणजे प्रत, मग ती बाईंची का असेना. मी तीही काढली. बाईंना सांगायला गेलो, पण त्या जेवायला गेल्या होत्या, आणि मग ते राहूनच गेलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी त्या जेवायला गेल्यावरच गेलो होतो.

या तत्त्वाने मला असा काही चेव आला, की मी ते घरीही आणलं. आमच्या मजल्यावर तीन दारं, तिन्हींना ओढलं की आपोआप लागणारी लॅच. प्रत्येकाच्या किल्लीच्या चार-पाच प्रती जगभर पसरलेल्या होत्या, कोणाची मेव्हणीकडे, कोणाची कुंडीखाली. मी एका रविवारी तिघांची बैठक घेतली आणि तक्ता मांडला. प्रत्येक दाराची एकच जादा किल्ली, एकाच ठिकाणी. आमची काकांकडे, काकांची डॉक्टरांकडे, डॉक्टरांची आमच्याकडे. बाकी सगळ्या गोळा करून मोडीत. काकांनी लेबलं लावली. डॉक्टर म्हणाल्या, फार स्वच्छ काम आहे. मी तक्ता आमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला.

बायको तो वाचून म्हणाली, "आणि तिघंही एकदम बाहेर अडकलात तर?"

मी तिला समजावलं, की असं कधी होत नाही. ती आत गेली.

इकडे ऑफिसात बिल्ड अडलं. 'रजा' मॉड्यूल बनवायला गेलं की हत्यार म्हणे आधी 'विश्रांती' बनवा, कारण ड्रायव्हरला विश्रांती मिळाली का हे कळल्याशिवाय रजा देता येत नाही. विश्रांतीकडे गेलं की म्हणे आधी 'कॅलेंडर' बनवा, कारण दिवस कोणता ते कळायला हवं. कॅलेंडरकडे गेलं की ते म्हणे आधी 'रजा' बनवा, कारण कोण कधी सुट्टीवर ते कळायला हवं. गोल गोल फिरून हत्याराने हात टेकले आणि लाल अक्षरात सांगितलं, की हे तिघे एकमेकांवर अवलंबून आहेत, सुरुवात कुठून करू. मी दोन आठवडे त्या तिघांभोवती फिरलो. वजन कमी झालं. बाईंना विचारावं असं रोज वाटायचं, पण विचारलं तर त्या 'तात्पुरतं२' चं नाव काढतील, ही भीती होती. शेवटच्या गुरुवारी मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मूळ प्रकल्पातल्या मुलांच्या यादीतून आणि कॅलेंडरमधूनही 'रजा' चं नावच पुसलं. दहा मुलं हजर, अकरावं घरी. बिल्ड हिरव्या अक्षरात पार पडलं. शुक्रवारी एवढंच दाखवायचं, रजेचं कोण विचारतंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि लॅपटॉप घरी घेऊन आलो. सगळं काम त्यातच होतं. दुसरी प्रत ठेवायची नाही, हे तर भिंतीवरच लिहिलं होतं.

शुक्रवारी बायको नेहमीप्रमाणे सातला कामावर गेली. सव्वानऊला मी बनियन आणि घरातली पॅन्ट अशा अवतारात दाढी आटोपत होतो, तोच बेल वाजली. गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करणारा माणूस आला होता. टाकी साफ झाल्याच्या वहीत मजल्यावरच्या तिन्ही घरांची सही हवी, आणि ती एकमेकांसमोर हवी, असा सोसायटीचा ठराव आहे. हा ठराव गेल्या वर्षी मीच मांडला होता. तिघंही बाहेर आलो. काका पेन शोधत होते, डॉक्टर वहीतली तारीख वाचत होत्या, तेवढ्यात वर उघडं राहिलेलं गच्चीचं दार वाऱ्याने आपटलं. त्याच्यामागोमाग आमची तिन्ही दारं लागली. एक, दोन, तीन. बिल्डमधल्या मॉड्यूलसारखी अगदी क्रमाने.

काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "माझी किल्ली डॉक्टरांच्या घरात. डॉक्टरांची तुमच्या घरात. तुमची माझ्या घरात." त्यांना वाटलं काहीतरी राहिलं असेल, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तिसऱ्या फेरीला मला ते ओळखीचं वाटलं. रजा, विश्रांती, कॅलेंडर. मी दोन आठवडे ज्याच्याशी झुंजलो होतो, ते लेबलं लावून आमच्या जिन्यात उभं होतं, आणि ते मी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं.

टाकीवाल्याने भला माणूस म्हणून फोन पुढे केला. फोन घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की बायकोचा नंबर मला पाठ नाही. तो एकाच जागी होता, माझ्या फोनमध्ये, आणि फोन आत. काकांनी तो लिहून ठेवला होता, त्यांच्या भिंतीवर. मी पायऱ्यांवर बसलो आणि पाय हलवू लागलो. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. गंमत अशी, की काका आणि डॉक्टर दोघंही माझ्याइतके घाबरलेले दिसत नव्हते. काका छताकडे बघत होते, डॉक्टर स्वतःची नखं तपासत होत्या. दोघांनाही काहीतरी बोलायचं होतं आणि दुसऱ्याने आधी बोलावं असं वाटत होतं.

शेवटी काका खाकरले. "इंजिनियर, रागावू नका. खालच्या इस्त्रीवाल्याकडे माझी एक किल्ली आहे. तुमचा तक्ता उत्तमच आहे, पण चौतीस वर्षांची सवय."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाल्या, त्यांचीही आहे.

मी बनियनवर, अनवाणी, चार जिने उतरलो. वाटेत दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीने मला पाहून मुलाला आत घेतलं. तळमजल्यावर इस्त्रीवाल्याची टपरी आहे. मी काही बोलायच्या आत त्याने इस्त्री उभी केली, पत्र्याचा डबा उघडला आणि तीन किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. सोबत माझा निळा शर्ट, घडी घातलेला. मी विचारलं, आमची किल्ली त्याच्याकडे कशी. तो म्हणाला, "ताईंनी दिली, साहेब. म्हणाल्या होत्या, साहेबांना सांगू नको."

अंघोळ न करता, निळा शर्ट घालून, लॅपटॉप छातीशी धरून मी बस पकडली. बसमध्ये माझा पाय इतका हलत होता, की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. त्या बसच्या ड्रायव्हरची ड्यूटी आमच्याच सॉफ्टवेअरने लावली असणार. त्याची मान मागून दिसत होती. माझं बिल्ड असंच पुढे गेलं, तर या माणसाला उद्यापासून रजा नावाची गोष्टच उरणार नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गुरुवारी मी फक्त एका मॉड्यूलचं नाव पुसलंय असं मला वाटलं होतं.

अकरा वाजून सात मिनिटांनी मी पोचलो. साहेब, सल्लागार, बाई आणि बारा सहकारी, सगळे बसलेले. बाईंसमोर फुलांचा गुच्छ होता. मला लाज वाटत होती आणि ती लपवायला अंगात त्राण नव्हतं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "साहेब, अकरापैकी दहाच तयार आहेत. रजेचं मॉड्यूल बनत नव्हतं म्हणून मी ते यादीतून पुसलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून."

सल्लागाराने वही उघडली. मला तळघराच्या पायऱ्या दिसायला लागल्या.

बाईंनी गुच्छ बाजूला सरकवला. "रजा, विश्रांती आणि कॅलेंडर एकमेकांच्या गळ्यात पडले असतील," त्या म्हणाल्या. "साहेब, आम्हाला वीस मिनिटं द्या."

त्यांच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी त्यांचा संगणक चालू केला. त्यात 'तात्पुरतं२' होतं, मी काढण्याआधी होतं तसंच्या तसं. एकोणीस वर्षांपूर्वी हाच गुंता झाला होता. तिघांनाही लागणारी दिवसांची यादी तेव्हा बाईंनी तिघांतूनही काढून वेगळी ठेवली. कॅलेंडरमधली यादी ही नंतर कोणीतरी केलेली तिची प्रत होती. तिघं तिला विचारणार, ती कोणालाच काही विचारणार नाही. सगळ्यात आधी ती बनते, मग बाकीचे सुटतात. नाव तेवढं चांगलं ठेवायचं राहून गेलं होतं. त्या टाईप करत होत्या आणि मला इस्त्रीवाल्याचा डबा दिसत होता.

मी विचारलं, "बाई, मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. हात लावू नका म्हणाले होते." त्यांनी मान वर केली नाही. "का, ते तुम्ही विचारलं नाहीत."

अकराच्या अकरा मॉड्यूल आणि बारावं 'तात्पुरतं२', सगळ्यांचं बिल्ड तीन मिनिटं पन्नास सेकंदात संपलं. शेवटचं बटण बाईंनी दाबलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी दोनदा विचारलं, की इतक्या लवकर कसं झालं, काही आत घालायचं राहिलं तर नाही ना. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की लपवालपवी पुन्हा केली तर तळघर आहेच, पण सोमवारी माझ्या जागेवर मीच बसायचं. परदेशी भाषेवाला सहकारी मात्र नाराज होता, कारण त्याची पुढची परीक्षा जवळ आली होती. आता 'तात्पुरतं२' साठी नामकरण समितीचा अर्ज भरायचा आहे. पालकाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला माहीत आहे.

संध्याकाळी बाई पाच वाजता निघाल्या. मी त्यांच्या रजिस्टरच्या प्रत्येक पानाची प्रत काढून घेतली. त्यांनी विचारलं, की दुसरी प्रत चालते का. मी भिंतीवरचा कागद आधीच काढला होता.

शनिवारी सकाळी मी एका चिठ्ठीवर बायकोचा फोन नंबर लिहिला, तो तोपर्यंत पाठही झाला होता, आणि गुपचूप इस्त्रीवाल्याकडे गेलो. म्हटलं, ही डब्यात ठेव, कधी लागली तर. त्याने डबा उघडला आणि म्हणाला, "ही तर आहे, साहेब." त्याने किल्ल्यांच्या खालून एक घडी केलेला कागद काढला. बायकोचं अक्षर. वर तिचा नंबर. खाली लिहिलं होतं, 'साहेब बाहेर अडकले तर किल्ली द्यावी. घाईत असतील, अंगात शर्ट नसेल. निळा इथे ठेवला आहे, तो द्यावा.' त्याखाली तारीख होती, मी किल्ल्यांचा तक्ता दाराला चिकटवला त्याच रविवारची.

काल इतकं होऊनही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तिथे आलं. मी इस्त्रीची वाफ गेली असं म्हणालो. मग माझी चिठ्ठीही त्याच डब्यात, तिच्या कागदाखाली ठेवली.

दुपारी जेवताना मी बायकोला यातलं काही बोललो नाही, तिनेही विचारलं नाही. पाणी हिंदकळायला लागलं तेव्हा तिने सवयीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. मी माझा पाय काढून घेतला नाही.